टूर ऑफ द आल्प्स: पाच दिवस, माफी नाही

ऑस्ट्रियाचं टिरोल, इटलीचं साउथ टिरोल आणि ट्रेंटिनो: एप्रिलमधली ही पाच टप्प्यांची सायकल शर्यत म्हणजे जिरोआधीची, अर्थात इटलीतल्या तीन आठवड्यांच्या 'जिरो द'इतालिया' शर्यतीआधीची, खरी कसोटी. १९६२ साली सुरू झालेल्या 'जिरो देल ट्रेंटिनो'ला हे नाव २०१७ मध्ये मिळालं. त्या वर्षी गेरेंट थॉमस जिंकला.

टप्पे छोटे, पण चढ एकामागोमाग एक. एक दिवस बिघडला की भरपाईला दिवसच उरत नाहीत.

माझ्या मते घात चढावर कमी, उतारावर जास्त होतो. घामाने भिजलेला रायडर जॅकेटविना घाट उतरला की बोटं बधिर होतात, ब्रेक नीट दाबला जात नाही, खिशातलं कर्बोदकांचं एनर्जी जेलही निघत नाही. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकांचा हिशेब तिथेच चुकतो आणि पुढच्या चढावर पाय संपतात. जॅकेट माथ्याच्या अलीकडेच चढवावं, जेलही तिथेच संपवावं.