डर्बीचे बीड: हँडीसाइडच्या फाउंड्रीच्या खुणा शोधताना

इंग्लंडच्या मध्यभागातील डर्बी हे शहर आज रोल्स-रॉईसची विमान इंजिने आणि रेल्वेचे डबे यांसाठी ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात मात्र या शहराचे नाव पूल, कारंजी, दिव्यांचे खांब आणि टपालपेट्या यांच्या अंगावर ओतले जाऊन जगभर जात होते. डर्वेंट नदीच्या काठी ड्यूक स्ट्रीटवर १८२० च्या सुमारास सुरू झालेली ब्रिटानिया फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतण्याचा कारखाना, १८४८ मध्ये अँड्र्यू हँडीसाइड या स्कॉटिश गृहस्थांच्या हाती आली. १८८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तिथून इतके काम बाहेर पडले की, फाउंड्री बंद पडून शतक उलटले तरी ते अजून सापडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उठवायच्या नमुन्यांच्या कारखान्यात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जुने काम दिसले की पाय थबकतातच. नॉटिंगहॅमला मावसभावाकडे मुक्काम ठरल्यावर हँडीसाइडचे उरलेले काम डोळ्यांनी पाहायचे आणि शक्य तिथे हात लावून पाहायचे, हा बेत मी निघण्याआधीच पक्का केला होता.

शोध लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच सुरू होतो. डर्बीची गाडी याच स्थानकातून सुटते, आणि इथल्या जुन्या भागावरचे सुमारे ७३ मीटर रुंदीचे कमानी छत १८६८ मध्ये पूर्ण झाले. अभियंता विल्यम बार्लो यांच्या या छताच्या तपशिलाचे काम रोलंड मेसन ऑर्डिश यांनी केले होते. ऑर्डिश मूळचे डर्बीशायरमधल्या मेलबर्न गावचे, आणि छताचे लोखंडही डर्बीशायरच्याच बटर्ली कंपनीचे. कमानी जिथे जमिनीला टेकतात, तिथे या कंपनीचे नाव आणि १८६७ हे साल उठावाच्या अक्षरांत ओतलेले आहे. प्रवासी त्याला पाठ टेकून फोनवर बोलत उभे असतात. ऑर्डिश यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

डर्बीत पोहोचल्यावर मी आधी फ्रायर गेटचा पूल गाठला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १८७८ मध्ये शहराच्या पश्चिमेकडून आपली नवी लाइन आणली, तेव्हा ती फ्रायर गेट या देखण्या जुन्या घरांच्या रस्त्यावरूनच न्यावी लागणार होती. रहिवाशांनी तीव्र विरोध केला. तो शांत करण्यासाठी हँडीसाइड कंपनीकडून असा पूल करून घेण्यात आला, की तो रस्त्याची शोभा वाढवील. पूल म्हणजे खरे तर शेजारी शेजारी उभे असलेले दोन पूल आहेत. कमानीच्या वरच्या त्रिकोणी जागांत वेलबुट्टी, पाने आणि त्यांच्यामध्ये डर्बी शहराचे मानचिन्ह असलेले, कुंपणाच्या आतले हरीण आहे. रेल्वेच्या पुलावर इतकी नक्षी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

या नक्षीपुढे मी बराच वेळ उभी होते. पॅटर्न लाकडाचा असो वा धातूचा, तो वाळूतून वर उचलताना साचा ढासळू नये म्हणून त्याच्या प्रत्येक उभ्या बाजूला किंचित उतार द्यावा लागतो. हा उतार दिला की पाने थोडी बोथट आणि जाड दिसू लागतात. फ्रायर गेटच्या पानांच्या कडा मात्र जागोजागी आत वळलेल्या वाटतात. मी जवळून काढलेले फोटो कोल्हापूरला पाठवले. बाबांनी ते मोठे करून पाहिले आणि फोनवर म्हणाले, “एका उचलीत निघालेलं काम नाही हे. पानांचे तुकडे सुटे केलेत. आधी पॅटर्न उचलायचा, मग तुकडे आडवे सरकवून काढायचे. ज्यानं हे केलं तो फार तयारीचा माणूस होता बघ.” त्यांनी सांगितल्यावर मला पानांच्या मुळाशी असलेल्या बारीक रेघाही दिसल्या. बीड थंड होताना साधारण शेकडा एक भाग आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टी नेहमीच्या पट्टीहून तेवढी लांब असते, आणि त्या पट्टीने हरणाचे प्रत्येक शिंग, प्रत्येक पान मोजून कोणीतरी कोरलेले आहे. कंपनीचे नाव पुलावर आहे. कोरणाऱ्याचे नाव कुठेच नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

मी पाहिला तेव्हा पुलाची स्थिती चांगली नव्हती. या मार्गावरची प्रवासी वाहतूक १९६४ मध्ये थांबली, मालगाड्या १९६८ मध्ये थांबल्या, आणि १९८५ मध्ये शहराच्या परिषदेने हा पूल एका पौंडाला विकत घेतला. संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याचे नाव आहे, पण यादीत नाव असल्याने रंग लागत नाही. खालून पाहताना रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि जोडांच्या फटींतून गंजाचे ओघळ उतरलेले दिसले. बिडाचा गंज पृष्ठभागावर मंदगतीने चालतो, त्यामुळे मूळ अंग अजून भक्कम असावे असे मला वाटते. खरी काळजी जोडांची आहे, कारण पाणी तिथे साचते, गंजाने फुगलेला थर बोल्टला ताणतो, आणि दाबाला बळकट असलेले बीड ताणाला मात्र चटकन तडकते. हा पूल वाचवायचा असेल तर आधी पाण्याचा निचरा आणि जोड दुरुस्त करायला हवेत, रंगरंगोटी नंतर.

तिथून नदीकडे चालत गेले. ड्यूक स्ट्रीटच्या परिसरात फाउंड्रीचे म्हणून ओळखता येईल असे मला काही दिसले नाही. मात्र थोड्याच अंतरावर डर्वेंटवरून जाणारा त्याच रेल्वेचा धनुष्याकृती पूल आहे, आणि त्याला आजही हँडीसाइड पूल असेच म्हणतात. रूळ गेले, त्यांच्या जागी पायवाट आणि सायकलवाट आली. शाळेतून परतणारी मुले, कुत्री फिरवणारे लोक यांची त्यावरून सतत ये-जा असते. फ्रायर गेटचा पूल याहून कितीतरी सुंदर आहे, परंतु त्याच्यावरून कोणालाच कुठे जायचे नसते, आणि दोन्ही पुलांच्या प्रकृतीतला फरक यातूनच आलेला आहे.

आर्बोरेटम या बागेत मी थोडाच वेळ होते. जोसेफ स्ट्रट यांनी शहराला दिलेली आणि जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आखलेली ही बाग १८४० मध्ये खुली झाली. तिथे हँडीसाइडचे कारंजे आहे, त्याची डागडुजीही नीट झालेली आहे. नमुनेवहीतून निवडून मागवता येईल असे हे काम असल्याने त्यात फ्रायर गेटची चुरस मला जाणवली नाही.

टपालपेटीने मात्र मला खूप आनंद दिला. १८७९ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने षट्कोनी पेट्या सोडून गोल पेट्या घ्यायचे ठरवले आणि ते काम हँडीसाइडकडे आले. या पेट्यांवर राणीची राजमुद्रा आणि टपाल खात्याचे नाव घालायचे राहून गेले, आणि ती उणीव १८८७ पर्यंत तशीच राहिली. म्हणून त्या काळातली पेटी ओळखणे सोपे असते: लाल गोल अंग, वर बसका घुमट, आणि समोर काहीही लिहिलेले नाही. नाव असते ते खाली, जमिनीलगतच्या काळ्या पट्ट्यावर. एका गल्लीच्या तोंडाशी अशी पेटी सापडली तेव्हा मी गुडघ्यावर बसून बोटांनी अक्षरे चाचपली. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या रंगाने ती इतकी बुजली आहेत, की डोळ्यांना फक्त उंचवटे दिसतात. टॉर्चचा प्रकाश बाजूने, अगदी आडवा टाकला तेव्हा सावल्या पडून हँडीसाइडचे आणि त्याच्या पुढचे डर्बीचे नाव वाचता आले. पेटी अजून वापरात आहे. मी बसलेली असतानाच एक वृद्ध बाई पत्र टाकायला आल्या, मी काय शोधते आहे ते त्यांनी विचारले, आणि नाव कुठे आहे ते पाहायला काठी टेकून त्याही वाकल्या.

डर्बीचे मार्केट हॉल १८६६ चे. त्याच्या लोखंडी कमानींच्या छताशी ऑर्डिश यांचे नाव जोडलेले आहे, आणि ते पाहिल्यावर दोनच वर्षांनी पूर्ण झालेल्या सेंट पँक्रासच्या छताची आठवण होतेच. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये हे मार्केट पुन्हा उघडले. मुंबई पाहिलेल्या मराठी माणसाने इथे थोडे थांबावे, कारण काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा याच ऑर्डिश यांनी आखला होता. त्याचे लोखंडकाम डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत तयार झाले आणि जहाजाने मुंबईला आणून उभारण्यात आले. जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याचे हे हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती इथेच. पुढे एस्प्लनेड मॅन्शन झालेल्या या इमारतीचा काही भाग २००५ मध्ये कोसळला, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर स्थळांच्या २००६ च्या यादीत तिचे नाव घातले, आणि २०१९ मध्ये भाडेकरूंना बाहेर पडावे लागले. एकाच शहरातून, एकाच दशकात बाहेर पडलेल्या या दोन कामांपैकी डर्बीतले रंगवून, उजळून पुन्हा बाजाराला लागले आहे. मुंबईतल्या सांगाड्यालाही तेवढीच काळजी मिळायला हवी, असे मला अगदी ठामपणे वाटते. भारतातल्या लोखंडी सांगाड्याच्या बहुमजली इमारतींत ती सर्वांत जुन्यांपैकी आहे, आणि तिच्या तोडीची दुसरी इमारत डर्बीतही नाही.

नॉटिंगहॅमचा ट्रेंट ब्रिज आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे तो क्रिकेटच्या मैदानामुळे. २००७ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानने तिथे सामन्यात नऊ बळी घेऊन भारताला कसोटी जिंकून दिली होती. मैदानाला नाव मिळाले ते ट्रेंट नदीवरच्या पुलावरून; तिथला सध्याचा पूल मार्रिअट ओगल टारबॉटन यांनी आखला आणि हँडीसाइडने बांधून १८७१ मध्ये पूर्ण केला. वरून भरधाव वाहतूक असते आणि पूल एरवीच्या रस्त्यासारखाच वाटतो. म्हणून काठाच्या पायऱ्यांनी खाली उतरावे. तिन्ही कमानी, त्यांच्यावरचे सोनेरी-निळे रंगकाम आणि विसाव्या शतकात रुंदीकरण करताना जोडलेला भाग तिथून स्पष्ट पाहता येतो.

शेवटचा दिवस मी बेनर्ली व्हायाडक्टसाठी, म्हणजे खोऱ्यावरून जाणाऱ्या लांब रेल्वेपुलासाठी, राखून ठेवला होता. हे काम हँडीसाइडचे नाही. डर्बीच्याच ईस्टवूड, स्विंगलर अँड कंपनीचे आहे आणि फ्रायर गेटवरून जाणाऱ्या रेल्वेसाठीच ते १८७७ मध्ये उभे राहिले. इल्केस्टन स्थानकावर उतरून कालव्याच्या काठाने चालत गेले, की एरेवॉश नदीच्या खोऱ्यात सुमारे ४४३ मीटर लांबीचा हा लोखंडी जाळीचा पूल एकदम समोर येतो. खाली कोळशाच्या खाणी असल्याने जमीन खचण्याची भीती होती. दगड-विटांच्या अवजड कमानी तिथे चालल्या नसत्या, म्हणून वजनाला हलक्या घडीव लोखंडाचा हा सांगाडा निवडला गेला. नक्षी कुठेच नाही. पट्ट्या एकमेकींना तिरप्या छेदतात आणि प्रत्येक छेदावर रिव्हेट आहे, एवढ्याच गोष्टीची सोळा गाळ्यांत पुनरावृत्ती होत जाते. पण खांबांच्या मधोमध उभे राहून वर पाहिले तेव्हा मला फ्रायर गेटइतकाच आनंद झाला. तिथे आनंद कोरीव कामाचा होता, इथे हिशेबाचा आहे.

१९१६ मध्ये झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाने या भागावर टाकलेल्या बॉम्बमधूनही हा पूल वाचला. १९६८ मध्ये मार्ग बंद झाल्यावर तो पाडायचे ठरले, परंतु घडीव लोखंडाचा हा सांगाडा गॅसने सरळ कापून काढता येईना. एकेक रिव्हेट काढून तो उतरवावा लागला असता आणि त्याचा खर्च कोणालाच परवडणारा नव्हता. मग स्थानिक लोक त्याच्यासाठी उभे राहिले, वर चालण्याची वाट घालण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुला झाला. मी गेले त्या दिवशी तिथे भेटलेल्या एका स्वयंसेवकाने मला खांबाच्या तळाशी नेऊन बदललेले भाग दाखवले. गंजलेल्या पट्टीच्या जागी नवे पोलाद बसवले आहे, आणि जुने कुठले, नवे कुठले ते जवळून पाहणाऱ्याला समजावे अशी काळजी घेतली आहे. मी फाउंड्रीवाल्यांच्या घरातली आहे हे कळल्यावर त्याने कोल्हापुरात भट्ट्या कोणत्या प्रकारच्या आहेत, वाळू कुठून येते, मुले अजून हे काम शिकतात का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. आम्ही पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत बोलत गेलो.

कोणाला हा फेरा करायचा असेल तर नॉटिंगहॅमला मुक्काम ठेवणे सोयीचे पडते, कारण डर्बी आणि इल्केस्टन ही दोन्ही ठिकाणे तिथून रेल्वेने जवळ आहेत. सोबत टॉर्च अवश्य ठेवावा. पुलांवरून जाण्यापेक्षा पुलांखाली अधिक वेळ घालवावा, आणि टपालपेटी दिसली की तिच्या तळाची काळी पट्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.