दारात उभं राहून

सोमवार, रात्री उशिरा

आज पुन्हा दारात उभं राहून पाऊण तास काढला. हातात पुसायला घेतलेलं पातेलं, ते कधीच कोरडं झालं होतं. आई म्हणाली, "बस की." मी म्हटलं, "नको, कामं पडलीत," आणि पुढची वीस मिनिटं तिथून हलले नाही. उभ्याने बघितलेलं हिशोबात धरायचं नाही, असा माझा एक सोयीचा नियम आहे. कुणी विचारलंच तर मी "ते रिअ‍ॅलिटी शो वगैरे" बघत नाही. आई बघते. मी येता-जाता कानावर घेते.

आज टीव्हीवरच्या त्या शोच्या घरातल्या एका बाईवर सगळे तुटून पडले होते. काम न करता झोपते म्हणून. ती रडायला लागली. मला वाईट वाटलं. आई मात्र ढिम्म. म्हणाली, "खोटं रडतेय. डोळे कशी पुसतेय बघ. बोट वाकवून, खालून. काजळाला धक्का लागू देत नाहीये."

मी नीट बघितलं, तर खरंच तसं होतं. तर्जनीच्या पेराने पापणीच्या खाली नुसतं टिपत होती.

"पण काजळ सांभाळून रडणाऱ्याला दुःख नसतं, असं कुठेय?" मी म्हटलं.

"दुःख असलं की काजळाचं भान राहत नाही."

"कॅमेरा असला की राहतं."

यावर आमची चांगली दहा मिनिटं जुंपली. ती बाई ना तिच्या ओळखीची ना माझ्या. आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आलं, की औषधाच्या गोळ्या आणि लाइटबिल सोडून दुसऱ्या विषयावर आम्ही दोघी इतकं सलग बोललो त्याला महिना तरी झाला असेल. नात्यातल्या कुणाबद्दल बोलायला गेलो की आमच्यात लगेच बाजू पडतात, जुनं उकरलं जातं, मग एकजण उठून आत जातो. ही परकी बाई बरी. तिच्यावरून कितीही भांडा, उद्या सकाळी चहाच्या वेळी त्याचं काही शिल्लक राहत नाही.

गॉसिप म्हणून आपण नाक मुरडतो खरं. पण कोण कसं वागलं आणि तसं का वागलं असेल हे चघळल्याशिवाय माणसांची घडी तरी कशी कळायची? आई त्या काजळावरून जे वाचते, ते तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

झोप येत नाहीये. एक गंमत मात्र टिपून ठेवते. माणसांना घरात कोंडून चोवीस तास कॅमेऱ्याखाली ठेवायचा हा खेळ 'बिग ब्रदर' या नावाने १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. नाव आलं जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीतून. त्या कादंबरीत सतत कुणीतरी बघतंय याची दहशत आहे. इथे तेच डोळे आपल्यावर रोखले जावेत म्हणून लोक रांगा लावतात. आणि त्या घरात एक खोली असते, जिथे एकट्याने बसून मनातलं बोलायचं. इंग्रजी आवृत्तीत तिला चक्क 'डायरी रूम' म्हणतात.

म्हणजे मी आत्ता करतेय तेच. फक्त माझ्या खोलीत कॅमेरा नाही. (आणि तरी मघापासून दोन वाक्यं खोडलीत, ती बरी दिसत नव्हती म्हणून.)

बुधवार

दिवसभर मावशीचं वाक्य डोक्यात आहे.

आई रिटायर झाली तेव्हा घरच्या कार्यक्रमाचं शूटिंग मी फोनवर केलं होतं. चार तासांचं. ते कोण बघणार, म्हणून मी हौसेने कापून अठरा मिनिटांचं केलं. बाबांच्या भाषणाला कुणी हसत नव्हतं, ते फारच कोरडं वाटत होतं. तेवढ्यात मला मावशीचा एक शॉट सापडला. नाक फेंदारून, ओठ मुडपून बघतेय. तो मी बाबांच्या "माझ्या यशात हिचा वाटा आहे" या वाक्यानंतर चिकटवला. सगळे खो खो हसले. मावशी सोडून.

मावशी म्हणाली, "मी तेव्हा तसं तोंड केलंच नव्हतं."

"तोंड तर तुझंच आहे ना?" मी म्हटलं.

"तोंड माझं आहे गं. वेळ माझी नाही."

ती नंतर सांगत होती, पंख्याच्या वाऱ्याने तिच्या नाकात केस गेला होता. शिंक येत होती बिचारीला. बाबांचं भाषण सुरू व्हायच्या तासभर आधीची गोष्ट. सहा महिने ती माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून हे कार्यक्रम बघताना माझी नजरच बिघडली आहे. भांडणाच्या मध्ये तिसऱ्याच माणसाचा चेहरा आला की मला शिंक दिसते.

यात नवीन काही नाही म्हणा. १९७१ मध्ये अमेरिकेत लाउड नावाच्या कुटुंबाच्या घरी कॅमेरे सात महिने ठाण मांडून होते. तीनशे तासांचं चित्रण झालं आणि १९७३ मध्ये त्यातून बारा भाग दाखवले गेले. साधारण पंचवीस तासांतला एक. त्याच काळात नवरा-बायकोचं फाटलं, आणि बायकोने नवऱ्याला घर सोडायला सांगितलं तेही कॅमेऱ्यासमोर. भाग दाखवले गेल्यावर कुटुंबाची तक्रार हीच, की आमचे आनंदाचे दिवस कुठे गेले? उरलेल्या चोवीस तासांत असतील. मावशीला हे सांगायला हवं. तिला सोबत मिळेल.

या धंद्यात तर वाक्यंसुद्धा शिवतात. सोमवारच्या वाक्याचं डोकं, गुरुवारच्या वाक्याची शेपटी. त्याला ते लोक 'फ्रँकनबाइट' म्हणतात, फ्रँकन्स्टाइनच्या त्या प्रसिद्ध राक्षसावरून, जो निरनिराळ्या प्रेतांचे तुकडे जोडून केलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. बोलणाऱ्याचा चेहरा वाक्याच्या मध्येच गायब होतो, पडद्यावर खिडकी नाहीतर स्विमिंग पूल दिसतो आणि आवाजाची पट्टी किंचित सरकते. एकटं बसून बोलताना समोर विचारणारा असतो, त्याचा प्रश्न कापून टाकतात. मग "तुला तिचा राग येतो का?" याला दिलेलं उत्तर, आपणहून ओकलेलं विष वाटायला लागतं. कित्येक कार्यक्रमांत तर या एकट्याच्या मुलाखतींना तोच तो शर्ट घालायला लावतात, म्हणजे कुठला तुकडा कुठेही बसवता येतो.

हे सगळं मी संध्याकाळी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला काय ते सगळं खरं वाटतं असं तुला वाटतं?" ती म्हणाली. "शिजवलेलंच असतं ते. पण इतकं शिजवूनही एखादा खडा कच्चा राहतोच. तो दाताखाली आला की मजा येते."

काजळ हा तसला खडा.

मला उत्तर सुचलं नाही. मी इतके दिवस समजत होते की ती भाबडेपणाने बघते आणि मी डोळसपणे बघत नाही.

शुक्रवार

आज थोडंच लिहिते, डोकं दुखतंय.

स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. रिअ‍ॅलिटी शो कुणाला आवडतात, तर त्यांच्या मते ज्यांना मानाची, प्रतिष्ठेची ओढ जास्त त्यांना. त्या खालोखाल सूडाची हौसही निघाली. पडद्यावरचं साधं माणूस लाखो लोकांनी बघावं इतकं मोठं होऊ शकतं, तर मग मीही कुणीतरी आहेच, असं काहीसं ते गणित.

वाचून आधी हसू आलं. आई आणि प्रतिष्ठेची ओढ? मग आठवलं, दर आठवड्याला ती चष्मा लावून, जीभ दातात धरून, फोनवर मत देते. एकदा मी म्हटलं होतं, एवढ्या मतांत तुझं एक मत कोण विचारतंय. ती म्हणाली, "मोजतात तरी." आमच्या घरात कुठलं गाव, कुठली शाळा, कोणती सोयरीक, यातलं काहीही तिला विचारून ठरलेलं मला आठवत नाही. पुढे लिहीत नाही.

सूडाचं म्हणाल तर तो माझ्या वाट्याला. एक तोंडाळ माणूस मागच्या आठवड्यात बाहेर पडला, तेव्हा मी दारात उभ्या उभ्या "बरं झालं" असं मोठ्याने म्हणाले. तो ऑफिसातल्या एकासारखा दिसतो.

शनिवार

न आवडण्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर मी आईच्या पक्षात गेले असं होईल.

गाण्याच्या एका स्पर्धेच्या निवडफेरीतला मुलगा काही केल्या विसरता येत नाही. वर्षं झाली. बेसूर गायला. परीक्षकांपैकी एकाने कानात बोटं घातली, पार्श्वसंगीतात कसलासा 'टोंइंग' आवाज. मुलगा आधी त्यांच्याबरोबर हसला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. मग हसू थांबवायचं कसं ते त्याला कळेना. शर्टाला लावलेला नंबराचा कागद त्याने काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. जपून ठेवावा तसा.

मी हसले होते. सगळे हसलो होतो.

नंतर कळलं, की अशा मोठ्या स्पर्धांत हजारो लोक येतात, परीक्षक सगळ्यांना ऐकत बसत नाहीत. त्यांच्यापुढे जाण्याआधी निर्मात्यांच्या माणसांपुढे चाळणीच्या फेऱ्या होतात. म्हणजे त्या मुलाला आधी कुणीतरी ऐकलं होतं आणि "हो, तू पुढे जा" म्हटलं होतं. तो घरी फोन करून सांगून आला असेल. बेसूर असल्यामुळेच तो निवडला गेला होता, आणि एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं त्याला सांगितलं असणार.

स्क्रिप्ट असणं, नकली असणं, यांचा मला राग येत नाही. नाटकही नकलीच असतं. पण नाटकात मार खाणाऱ्याला माहीत असतं की तो मार खाणार आहे, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. इथे पुष्कळदा दोन्ही नाही. हे कार्यक्रम स्वस्तात पडतात ते त्याचमुळे. लेखक नको, नट नकोत. अमेरिकेत १९८८ मध्ये पटकथालेखकांचा संप पाच महिने चालला, तेव्हा वाहिन्यांना लेखकाविना चालणाऱ्या कार्यक्रमांची गोडी आणखी कळली. शिवाय या स्वस्ताईचा हिशोब कधीकधी भलत्याच कुणाला चुकवावा लागतो. ब्रिटनमध्ये घरची भांडणं स्टेजवर आणून, खोटं पकडायच्या यंत्राला माणसं जोडून चालवलेला एक कार्यक्रम चौदा वर्षं तुफान चालला. २०१९ मध्ये त्यात भाग घेतलेल्या एकाचा मृत्यू झाला आणि तो कायमचा बंद केला. चौदा वर्षं बघणारे बघतच होते. कुणी बसून, कुणी दारात उभं राहून.

म्हणून मी आईला दुसरं काही दाखवून बघितलं. कुंभारकामाची एक ब्रिटिश स्पर्धा आहे. एकाचं भांडं भट्टीत तडकतं तर शेजारचा हळहळतो, आणि चांगलं काम बघून त्यातला एक परीक्षक चक्क रडतो. धिप्पाड माणूस, डोळ्यांतून पाणी. यात काही नकली असलंच तर ते मला शोधायचंसुद्धा नाही. मला वाटलं आई विरघळेल.

तिने पंधरा मिनिटं बघितलं. "छान आहे," म्हणाली. आणि मग, "पण यात नुसती भांडीच आहेत. भांडण कुठेय?"

रविवार, रात्र

आज कुणीतरी बाहेर जायचा दिवस. मावशी फोनवर होती, स्पीकर चालू. रविवारी त्या दोघी आपापल्या घरी बसून एकत्र बघतात. जाहिरात लागली की टीव्हीचा आवाज बंद आणि बहिणींचा चालू. मी लाउड कुटुंबाची गोष्ट मावशीला सांगितली. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग त्या बाईने पुढे त्यांचं तोंड बघितलं का?" नवऱ्याचं की कॅमेरावाल्यांचं, ते मी विचारलं नाही.

काजळवाली राहिली. आईचा आवडता, तो मितभाषी पोरगा, बाहेर पडला. आई एकदम गप्प झाली. "न बोलणाऱ्याला कुणी ठेवत नाही," एवढं म्हणाली. मावशी पलीकडून "हं" म्हणाली.

मी दारात. आज हातात पातेलंही नव्हतं, तसंच येऊन उभी राहिले होते.

पुढची जाहिरात लागली तेव्हा आई मावशीला विचारत होती, "त्या काजळवालीचं आणि त्या उंच मुलीचं मिटलं का गं शेवटी?"

"मिटलं कुठे!" मी म्हटलं. "परवा दुपारी बागेत परत जुंपली दोघींची. उंच मुलगी माफी मागायला गेली, तर हिने पाठ फिरवली. आणि खरी रडली या वेळी, काजळ पार गालापर्यंत आलं होतं."

फोनमधून मावशी म्हणाली, "हे कधी दाखवलं?"

दाखवलं नव्हतं. ते चोवीस तासांच्या लाइव्ह फीडवर होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कानात इअरफोन घालून.

आईने माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. शेजारच्या खुर्चीवरची उशी तेवढी उचलून मांडीवर घेतली.