वाकलेली पिन

सकाळी साडेसातला मुरगाव बंदराबाहेर नांगरलेल्या त्या जहाजावर चढलो. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा घेऊन आलं होतं. काम नेहमीचंच, खराब हवामानात झालेल्या नुकसानीचा सर्व्हे. वास्कोत बसून असे अहवाल मी आजवर ढिगाने लिहिलेत.

चीफ ऑफिसर देवगडचा निघाला. तो मला मागच्या बाजूला, डावीकडच्या लाइफबोटीपाशी घेऊन गेला. बोटीचं फायबर फाटलेलं, बांधायच्या वायर तुटलेल्या. माझी नजर मात्र बोट धरून ठेवणाऱ्या पोलादी पिनेवर खिळली. अंगठ्याहून जाड पिन, मागून पुढे सरळ वाकलेली. वाकाशी रंग तडकून गंज धरला होता. आणि ही जागा, जहाज कोळशाने भरलेलं असतानाही, पाण्यापासून अकरा मीटर वर!

"लाटा केवढ्या होत्या?"

"लॉगबुकात सात मीटर आहे, साहेब, आणि होत्याही तेवढ्याच. ही एकच मागून आली. लाट न्हय ती, भिंत. ऑफिसला कळवलं तर म्हणाले, घाबरलं की सगळ्यांनाच मोठी दिसते."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दक्षिण आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याला अगुल्हास हा सागरी प्रवाह नैर्ऋत्येकडे धावतो आणि दक्षिणेकडच्या वादळी लाटा समोरून त्याच्या अंगावर येतात. अडलेली लाट आखूड होते, उंच होते. त्यात दोन-चार लाटा एकावर एक चढल्या की संपलंच. समुद्र सात मीटरचा म्हणजे सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी सात. तिच्या दुपटीपलीकडे जाते ती राक्षसी लाट. 1 जानेवारी 1995 ला उत्तर समुद्रात उभ्या असलेल्या द्राउप्नर या गॅसच्या फलाटावर लेझरने 25.6 मीटरची लाट मोजली, तेव्हा समुद्र होता बारा मीटरचा. तोवर खलाशांचं बोलणं गप्पांतच जमा व्हायचं.

मला 'म्युन्शेन' आठवलं. डिसेंबर 1978 मध्ये ते जर्मन जहाज 28 माणसांसह अटलांटिकमध्ये नाहीसं झालं. नंतर त्याची एक लाइफबोट सापडली, पाण्यापासून 20 मीटर उंच टांगलेली असायची ती. तिच्या पिना पुढून मागे वाकलेल्या होत्या. तिथे सांगायला कुणी उरलं नव्हतं. इथे माणूस समोर उभा होता.

पिनेला मोजपट्टी लावून फोटो काढले. वेळ, ठिकाण, लाटेची दिशा, सगळं त्याच्याकडून पुन्हा विचारून घेतलं. अहवाल इंग्रजीत असतो, तरी 'भिंत' हा त्याचा शब्द तसाच ठेवला. त्याला वाचून दाखवला, तेव्हा त्याने तेवढीच ओळ परत वाचायला सांगितली.