फ्लॉरेन्सचा ईस्टर: आधी सावली, मग स्फोट

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की सांता मारिया नोव्हेल्ला चर्चची पाठ दिसते. दर्शनी बाजू पाहायची तर वळसा घालून चौकात यावं लागतं. ईस्टरच्या आदल्या दुपारी मी तिथे उभा होतो ते दोन उपकरणांसाठी. हिरव्या-पांढऱ्या संगमरवरी भिंतीवर एका बाजूला काश्याची कडी आहेत, दुसऱ्या बाजूला रेघारेघांची संगमरवरी पाटी. चर्चच्या भिंतीवर वेधशाळा!

त्याचं कारण असं, की ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, नाताळासारखा तारखेला बांधलेला नाही, तो तिथीने येतो. येशूला क्रूसावर दिलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण पौर्णिमेचा. सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा असं इ.स. 325 मध्ये निकाया इथल्या धर्मपरिषदेत ठरलं. चर्चने पुढे जो हिशेब धरला तो असा: वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, 21 मार्चला, त्या दिवशीची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. बहुतेक वर्षी आपली हनुमान जयंती झाली की पाठोपाठ ईस्टर असतो. एखाद्या वर्षी मात्र तो होळीमागोमागच उरकतो. 2024 साली तसंच झालं होतं.

पण तेव्हाच्या ज्युलियन पंचांगातलं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा साधारण अकरा मिनिटांनी मोठं होतं. अकरा मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं खरं, पण शतकं लोटली तसे त्यांचे दहा दिवस झाले. एग्नात्सियो दांती हे याच चर्चच्या मठातले, डोमिनिकन पंथाचे साधू. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या पहिल्या कोसिमोच्या आश्रयाने 1572 ते 1574 मध्ये त्यांनी ही उपकरणं भिंतीवर बसवली. कड्याच्या वरच्या भागाची सावली बरोबर त्याच्याच खालच्या भागावर पडली की संपात झाला, इतकं ते साधं आहे. संपात आला 11 मार्चला! पुढे पोप तेरावे ग्रेगरी यांनी दांतींना पंचांगसुधारणेच्या कामात घेतलं, आणि 1582 साली 4 ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट 15 ऑक्टोबर धरला गेला. आज आपल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर तेच. ईस्टरची तारीख सुधारायला निघाले आणि सगळ्या जगाच्या तारखा बदलून बसले! चौकातली माणसं आइस्क्रीम खात बसली होती, वर बघायला कुणाला सवड नव्हती.

जवळच्या बेकरीत रोजमेरी आणि मनुका घातलेले गोल पाव मिळाले, वर चाकूने चिरा मारलेले. हे खरे ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारचे, पण आता एरवीही मिळतात. काचेमागे चॉकलेटची अंडी डोक्याएवढी. अंड्यांचं मूळ अगदी घरगुती आहे. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य असायची, कोंबड्यांना मात्र उपवास नसायचा. साठलेली अंडी सणाला बाहेर निघायची.

रविवारी सकाळी डुओमोसमोर, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चसमोर, मुंगी शिरायला जागा नव्हती. ब्रिंदेल्लोने नावाचा उंच लाकडी गाडा येतो तो पांढऱ्याशुभ्र बैलांनी ओढत, पुढे ढोल आणि झेंडे उडवणारे. कियानिना जातीचे हे बैल फुलांनी सजवलेले. आपल्या पोळ्यातली खिल्लारी जोडी त्यांच्यापुढे लहान दिसेल. गाड्याला चहूबाजूंनी फटाके बांधलेले. त्याच्यापासून एक तार चर्चच्या दारातून आत थेट मुख्य वेदीपर्यंत जाते.

या गाड्यामागची कथा जेरुसलेम जिंकायला निघालेल्या ख्रिस्ती फौजांच्या पहिल्या धर्मयुद्धाची आहे. 1099 साली जेरुसलेमच्या तटावर पहिला चढला तो फ्लॉरेन्सचा पाझ्झिनो दे पाझ्झी, आणि बक्षीस म्हणून त्याला येशूच्या कबरीतले गारगोटीचे तीन तुकडे मिळाले, असं सांगतात. तट पहिला चढल्याची गोष्ट मला पचायला जड जाते, पण गारगोट्या सांती अपोस्तोलीच्या चर्चमध्ये आहेत आणि पवित्र अग्नी त्यांच्यापासूनच पेटवतात. पूर्वी तो घरोघर नेत, त्यातूनच पुढे हा गाडा आला. याच पाझ्झी घराण्याने 26 एप्रिल 1478 ला याच डुओमोत, भर मिस्सेत म्हणजे प्रार्थनाविधीत, जुलियानो द मेदिचीचा खून केला आणि शहरातून हाकलून घेतलं. गाड्याची परंपरा मात्र टिकली.

आत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू झालं की आर्चबिशप कोलोंबिनाला, म्हणजे कबुतराच्या आकाराच्या रॉकेटला, बत्ती देतात. आम्हाला बाहेर फक्त फुस्स ऐकू आलं. दारातून ठिणग्यांची रेघ सुटली, गाड्यावर आदळली आणि उलटी आत गेली. मग कानठळ्या! गाडा खालून वर थरथर पेटत गेला, धुराने घुमट दिसेनासा झाला, घंटा त्यात बुडाल्या. कबूतर धड परतलं तर पीक चांगलं, अशी समजूत. शेजारच्या आजोबांनी मला 1966 ची आठवण करून दिली: त्या वर्षी ते परतलं नाही, आणि 4 नोव्हेंबरला आर्नो नदीने शहर बुडवलं. हे सांगताना ते हसत होते, पण कबूतर आत गेलं तेव्हा सर्वांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: बैल नीट पाहायचे तर चौकात थांबू नका, गाडा जिथून निघतो त्या शहरातल्याच प्रातो भागाकडून येणाऱ्या रस्त्याला लवकर जाऊन उभे राहा. आणि कबूतर सुटताना पाहायचं की गाडा उडताना, हे आदल्या रात्रीच ठरवा. पहिलं चर्चच्या आत, दुसरं बाहेर. दोन्ही कुणालाच दिसत नाही.