तुम्ही विचारलंत म्हणून: गंजावरूनच रंग का दिला नाही?

आमच्या शेतातल्या आखाड्यावरचे पाच अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन पाहणारा जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "गंज घासण्यात आठ दिवस कशाला घातलेत? वरून ऑइल पेंटचे दोन हात दिले असते तर भागले नसते का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

भागले नसते, कारण मी तसे एकदा करून पाहिले आहे. अण्णांनी मोट सोडून विहिरीवर हे इंजिन बसवले होते. वीज आल्यावर ते गोठ्याच्या कडेला गेले आणि कित्येक पावसाळे त्याने तिथेच काढले. पहिल्या वेळी मी सुटलेले पोपडे तेवढे खरवडून हिरवा रंग दिला. दिवाळीत इंजिन नव्यासारखे दिसत होते. पुढच्या पोळ्यापर्यंत डिझेलच्या टाकीच्या खालच्या काठाला फोड आले. नखाने एक फोड उचलला, तेव्हा रंगाच्या आतल्या अंगाला तांबूस पूड चिकटून आली. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि सच्छिद्र असल्यामुळे ओल धरून ठेवतो. रंग गंजाला चिकटला होता, पण गंजच लोखंडाला धरून नव्हता.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी डिझेलने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने तेल-ग्रीस धुऊन काढले. काहीजण यासाठी कॉस्टिक सोडा सुचवतात. तो ओतीव लोखंडाला चालतो, पण ॲल्युमिनियमच्या भागांना खातो. हवेचे, धुराचे आणि डिझेलचे तोंड चिंध्यांच्या बोळ्यांनी बंद केले व बोळे मोजून ठेवले, कारण आत राहिलेला एक बोळा सगळी मेहनत वाया घालवू शकतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते (घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली), त्यामुळे तो पाणी मारून, तोंडाला मास्क बांधूनच घासावा.

तारेच्या ब्रशाने वरचा गंज निघतो. ओतीव लोखंडाच्या बारीक खड्ड्यांतला निघत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजाचे द्रावण लावले, की उरलेल्या गंजाचा काळसर, घट्ट थर होतो. नटबोल्ट मात्र मी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले. आजी तांब्याची घागर याच कोळाने घासायची. चिंचेतले टार्टारिक आम्ल लोखंडाचा गंजही सोडवते.

यात एक चूक झाली. आषाढातल्या एका संध्याकाळी घासून पांढरी केलेली बाजू तशीच ठेवली आणि सकाळी तिच्यावर पुन्हा तांबूस झाक आली. तेव्हापासून जेवढे घासायचे, तेवढ्याला त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर द्यायचा, हा नियम केला. रंगाचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत उरकले. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातले लोखंड इतके तापते, की रंग ब्रशाखालीच वाळू लागतो.

धुराड्याला साधा ऑइल पेंट जळून जातो, तिथे उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंगच हवा. चाकाची पट्टा फिरणारी कड, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि डिझेल पंपाची सरकती दांडी यांना मी रंगाचा थेंबही लागू दिला नाही. दांडी रंगाने अडकली, तर इंजिनाचा वेग आवरत नाही. इंजिनावरची पितळी पट्टीही बिनरंगाची ठेवली आणि चिंचेने घासली, तेव्हा तिच्यावरचा ६५० आर.पी.एम. (मिनिटाला फेरे) हा आकडा कितीतरी वर्षांनी वाचता आला.