तुम्ही विचारलंत म्हणून: जोर्नाडावर मराठी कशी आली

बेळगावात शहापूरच्या आमच्या घरी येणारे बहुतेक जण टेबलावरचा एचपी जोर्नाडा ७२० हातात घेतात आणि विचारतात, की २००० साली निघालेला हा छोटेखानी संगणक आजच्या वायफायला जोडता तरी कसा? सिग्नल पकडणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरी अडचण कुलपांची आहे, आणि त्याहून मोठी आपल्या अक्षरांची.

आधी वायफायच्या कार्डाविषयी. जोर्नाडाचा पीसी कार्ड स्लॉट, म्हणजे असे कार्ड खोचायची खाच, १६ बिटांची असल्यामुळे नंतर आलेली ३२ बिटांची कार्डबस कार्डे त्यात बसत नाहीत. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मागवलेले माझे पहिले कार्ड पूर्ण आत जाईना, तेव्हा भिंगाखाली पाहिले; जोडणीच्या टोकाशी बारीक उंचवट्यांची सोनेरी पट्टी होती, आणि तीच कार्डबसची खूण. आता फोटोत ते टोक नीट दिसल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. सध्या वापरतो ते ओरिनोको कार्ड ८०२.११बी जातीचे, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि कागदोपत्री ११ मेगाबिट वेगाने चालणारे आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असला, तर ते त्याला दिसतच नाही.

पहिले कुलूप वेपचे, म्हणजे वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीचे. माझ्याकडच्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, तेवढेच ठाऊक आहे, आणि वेप फोडता येते हे २००१ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणून घरच्या वायफायची सुरक्षा उतरवू नका, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. मी एक जुना राउटर वेगळा ठेवला आहे. त्याला केवळ एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, जोडलेला असतो आणि काम संपताच राउटर बंद होतो.

दुसरे कुलूप संकेतस्थळांचे. आजची संकेतस्थळे किमान टीएलएस १.२ ही सांकेतिक सुरक्षा मागतात, जोर्नाडाचा ब्राउझर त्याच्या फार आधीचा आहे. साधी प्रॉक्सी, म्हणजे मध्ये बसून पाने आणून देणारा प्रोग्राम, लावून हे कुलूप उघडले, पण ‘तरुण भारत’चे पान आले ते नुसत्या चौकोनांचे, कारण यंत्रात देवनागरीचा फाँटच नाही. कन्नडचीही तीच गत, आणि आमच्या घरी तर दोन्ही लिपी रोज लागतात. मला त्या चौकोनांचे फार वाईट वाटले. शेवटी वेब रेंडरिंग प्रॉक्सी वापरली: रास्पबेरी पायवरचा क्रोमियम ब्राउझर वापरून ती पान उघडते, त्याचे चित्र काढून जोर्नाडाला धाडते, आणि पडद्यावर मी जिथे लेखणी टेकवतो त्या बिंदूवरून कोणता दुवा हवा ते ओळखते. ६४० बाय २४० ठिपक्यांच्या पडद्यावर ‘क्षेत्र’मधला क्ष अखंड उमटला, तेव्हा मी घरातल्या सर्वांना हाक मारून दाखवला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. या यंत्रात आपण घातलेले सारे काही रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत, राहते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे वीज बराच काळ गेली, मुख्य बॅटरी उतरली, आणि सीआर२०३२चा राखीव सेलही संपलेला असल्याने ड्रायव्हरसकट सगळे पुसले गेले. आता ड्रायव्हरची प्रत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर असते.

वाचायची सोय अशी झाली आहे. जोर्नाडाच्या कळफलकावरून मराठी लिहिण्याची अजून व्हायची आहे. सध्या त्याच कामात आहे.