आमची वाटचाल: भाकरी, रस्सा आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर

कोथरूडमधली आमची कोल्हापुरी खानावळ मुळात बसून जेवणाऱ्यांची. पार्सल म्हणजे जवळच्या हॉस्टेलची पोरं रात्री डबा भरून न्यायची, तेवढंच. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, टेबलं भिंतीला लागली आणि स्विगी-झोमॅटोवर धंदा तगला. पुढे टेबलं परत मांडली, गिऱ्हाईक परतलं, पण घरबसल्या मागवणारं गिऱ्हाईक काही हटलं नाही.

गल्ल्यावर दोन अ‍ॅपचे दोन मोबाइल. ऑर्डर वाजली की पुतण्या ती घ्यायचा, चिठ्ठीवर उतरवून आत द्यायचा आणि मग तीच बिलिंगच्या कॉम्प्युटरवर पुन्हा टाकायचा. मटण संपलं की खरी तारांबळ. एका अ‍ॅपवर थाळी बंद करेपर्यंत दुसऱ्यावरून आणखी दोन येऊन पडायच्या. त्या नाकारल्या तर गिऱ्हाईक चिडणार, आणि घेतल्या तर वाढायचं काय?

सॉफ्टवेअर बघायला लागलो तेव्हा कळलं की यात दोन जाती आहेत. पेटपूजासारख्यांत बिलिंग आणि अ‍ॅपची जोडणी एकत्रच मिळते. अर्बनपायपरसारखी मंडळी अ‍ॅप आणि तुमचं चालू बिलिंग यांच्यामधला दुवा होतात. आमचं बिलिंगच जुनाट होतं, त्यामुळे पहिल्या जातीतलं घ्यायचं ठरवलं. माणसं डेमोला यायची आणि लॅपटॉप उघडून विक्रीचे रंगीत आलेख दाखवायची. मी त्यांना चहा द्यायचो आणि सरळ भटारखान्यात न्यायचो. ज्याला केओटी, म्हणजे आत जाणारी ऑर्डरची छापील चिठ्ठी, वाचून हात चालवायचाय, त्याला ती वाचता आली पाहिजे, ही आमची पहिली अट.

आमच्या भाकरीवाल्या मावशी मराठी झरझर वाचतात, इंग्रजीच्या वाटेला जात नाहीत. म्हणून केओटी मराठीतच हवी. एकाच्या प्रिंटरमधून ‘ज्वारीची भाकरी’ म्हणून नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग बाहेर आली. दुसऱ्याच्या कागदावर अक्षरं मराठी होती, पण वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. मावशींनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “दादा, हे कुणाचं पत्रिकेचं टिपण हाय का?” कारण साधं आहे. साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात बहुतेक वेळा देवनागरी अक्षरं नसतातच; मजकुराचं चित्र करून पाठवलं तरच नीट छापतं. हे ज्याला न सांगता ठाऊक होतं, त्याचं घोडं तिथेच पुढे गेलं.

थाळीखाली भाकरी ज्वारीची की तांदळाची, की चपाती, हे ठळक छापायला लावलं. ऑर्डर नंबरचे शेवटचे चार आकडे सगळ्यात मोठे, कारण दारात आलेला डिलिव्हरीवाला तेच ओरडतो. तवा भरला की तयारीची वेळ वाढवायची आणि मटण संपलं की दोन्हीकडची थाळी बंद करायची, ही दोन्ही कामं एका स्क्रीनवरून व्हायला हवी होती, आणि ती होतात. कमिशन सोसायचं म्हणून अ‍ॅपवरचे आमचे दर वेगळे. तेव्हा एकाच पदार्थाला दोन दर ठेवता येणंही गरजेचं होतं.

आमच्या सीएंची अट वेगळी. 1 जानेवारी 2022 पासून अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणाचा 5 टक्के जीएसटी अ‍ॅपवाले भरतात, आम्ही नाही. पण ती विक्री विवरणपत्रात वेगळी दाखवावी लागते. शिवाय आम्ही तांबड्याचा मसाला पाकिटातून विकतो. ते जेवण नव्हे, त्याचा कर आमच्याच माथी. एका ऑर्डरमध्ये थाळी आणि पाकीट दोन्ही असलं तर दोन्हींचा हिशेब आपोआप वेगळा होतो का, हे सीएंनी स्वतः बसून तपासलं. आलेखवाल्यांपैकी बरेच इथे गळाले.

उरलेल्यांना मी पैसे देण्याआधी रविवारी दुपारी दीड वाजता मदतीच्या नंबरवर फोन लावला. आम्हाला सॉफ्टवेअरवाला त्या घटकेला लागतो, सोमवारी सकाळी अकराला नव्हे. एकाने उचललाच नाही. ज्याने उचलला, त्याचं सॉफ्टवेअर घेतलं.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून राउटर आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतले. नेट गेलं तरी काउंटरची बिलं निघतात आणि नेट आलं की आपोआप वर चढतात. अ‍ॅपच्या ऑर्डरींना मात्र नेट लागतंच, त्यासाठी दुसरं सिम ठेवलंय. अ‍ॅपकडून पैसे जमा झाले की कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि टीडीएस वजा जाता हिशेब जुळतो का, ते आता पुतण्या चहा पिता पिता बघतो.

सोसायट्यांच्या रविवारच्या ऑर्डरी मात्र अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. “पांढरा जास्त, तांबडा कमी तिखट, आजोबांची भाकरी मऊ.” त्या पुतण्या हातानेच टाकतो. त्यासाठी आमची स्वतःची ऑर्डरची लिंक काढायचं चाललंय, पण ‘आजोबांची भाकरी मऊ’साठी रकाना कुठला ठेवायचा, यावर घरात अजून एकमत नाही.